मावशी, काल मी गिरणी चालू केली

मावशी, चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय आणि तो आपण लावलेला नाही.

हे पहिलं सांगते कारण दुसरं काही सुचतच नाहीये, डोकं नुसतं भणभणतंय. मेडिकलपासून रिक्षा स्टँडपर्यंत एवढा मोठा फ्लेक्स, वर भावपूर्ण श्रद्धांजली, मध्ये तुम्ही, आणि खाली त्या फुटबॉल अकॅडमीवाल्यांचं चिन्ह तुमच्या तोंडापेक्षा मोठं. फोटो कुठला घेतलाय माहितीये? आपण वरच्या डिव्हिजनला चढलो त्या दिवशीचा, टीमचा. आम्हा सगळ्यांना कापून तुम्हाला तेवढं ठेवलंय, पण तुमच्या खांद्यावर एक हात राहून गेलाय. तो हात माझा आहे. आईने बांधलेला काळा दोरा मनगटात दिसतोय. म्हणजे ज्यांनी जिवंतपणी तुम्हाला बसायला कधी खुर्ची दिली नाही ते आता तुम्हाला श्रद्धांजली देतायत, आणि माझा हात घेऊन देतायत, मला न विचारता. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सोने, शिडी आण गं जरा, बाईला खाली उतरवू."

विनोददादा म्हणाले रविवारी ग्राउंडवर शोकसभा आहे, तू क्लबची सेक्रेटरी आहेस, दोन शब्द लिहून आण, जन्म, शिक्षण, कार्य असं सगळं नीट लिही. ते स्वतः तुमचा मुलगा, त्यांना नाही माहीत तुमचा जन्म कधीचा ते मला कुठून माहीत असणार? तुम्हाला विचारलं की म्हणायच्या, "आंबे होते घरात, एवढं आई सांगायची." आणि शिक्षण चौथी. माझं आठवी. म्हणून तर मला सेक्रेटरी केलंत ना, सगळ्यांसमोर बोट दाखवून म्हणालात, "चौथीपेक्षा आठवी मोठी, हिची सही चालेल." मी म्हटलं मावशी मला इंग्रजी कागद वाचता येत नाही. तुम्ही म्हणालात, "वाचता येणारेच जास्त फसतात, तू कर सही." त्या सहीपायीच आज माझा जीव टांगणीला लागलाय.

रविवारी कुणी नवीन माणूस असला तर त्याला कळावं म्हणून लिहिते, तुम्हाला काय सांगायचं. विश्रांतवाडीत आतल्या गल्लीत मावशींची पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या दारात क्लबचा डबा. पत्र्याचा, पिंपाएवढा. जो दळण घेऊन येईल त्याने आपल्या डब्यातली एक मूठ त्या डब्यात टाकायची. गहू असो, ज्वारी असो, बाजरी, हरभरा, काही असो. वर पाटी होती, मूठ आपली टाकावी, लहान मुलाच्या हाताने टाकू नये. कारण ती बँकेतली बाई नातवाला पुढे करायची, टाक रे बाळा टाक, आणि त्या बाळाच्या मुठीत यायचे सात दाणे. खाली अजून एक ओळ होती, तांदूळ टाकू नयेत. ते कुणीच पाळायचं नाही.

संध्याकाळी मावशी तो डबा दळायच्या. त्या पिठाला ना रंग, ना नाव, आम्ही म्हणायचो क्लबचं पीठ. त्याचे धपाटे व्हायचे, लसूण-मिरची घालून, प्रॅक्टिस झाली की पोरींना धपाटे आणि दही. उरलेलं पीठ मेसवाले विकत न्यायचे, त्यातून लीगची एंट्री, रेफ्रीची फी, रिक्षा. बस्स. ह्याच्यावर आपली पोरींची फुटबॉल टीम चालायची. लोकांना खोटं वाटतं. ते अकॅडमीवाले सर तर मला एकदा म्हणाले, "पण तुमचं रेव्हेन्यू मॉडेल काय आहे?" मी घरी येऊन यांना विचारलं रेव्हेन्यू मॉडेल म्हणजे काय, हे म्हणाले पैसा येतो कुठून. मी म्हटलं मुठीतून येतो, अजून कुठून येणार.

आणि मावशी, मला कसं घेतलंत टीममध्ये, ते शोकसभेत सांगू का? मी दळण घेऊन आले होते, शाळा सुटून वर्ष झालेलं, घरात स्थळं बघायला सुरुवात. माझ्या डब्याचं झाकण हातातून सुटलं आणि गडगडत गल्लीत निघालं, मी धावत जाऊन पायाने थांबवलं. तुम्ही आतून बघत होतात. पिठाने पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या. म्हणालात, "परत कर तसं." मी म्हटलं काय? "झाकण सोड आणि परत थांबव." मी परत थांबवलं. तुम्ही म्हणालात, "उद्या साडेपाचला ग्राउंडवर ये. आईला सांग मावशींनी गहू निवडायला बोलावलंय." सहा महिने माझी आई समजत होती की मी गहू निवडते! तिला वाटायचं एवढे गहू निवडून पोरीचे गुडघे कसे फुटतात.

तेव्हा मला माहीत नव्हतं की समोरचे असे असतात. अकॅडमीकडे तीन-तीन किट, आपल्याकडे एक. आज मॅच, उद्या मॅच, तर रात्रभर गिरणीच्या मोटरपाशी जर्स्या वाळत, आणि सकाळी घातल्या की नाकात पीठ. त्यांच्याकडे मालिश करणारी बाई, आपल्याकडे तुम्ही आणि तिळाचं तेल. त्यांच्या जर्सीवर बिल्डरचं नाव. तेच बिल्डर ज्यांनी आपल्या मागच्या बाजूला टॉवर बांधले, आणि त्या टॉवरमध्ये घरोघरी घरघंट्या आल्या, तिथली गिऱ्हाइकं तुटली, मुठी तुटल्या. म्हणजे बघा, त्यांनी आधी आपले दाणे नेले आणि मग आपल्या पोरी नेल्या.

पोरी नेल्या हे मी बोलले की तुम्हाला राग यायचा. येऊ दे. निकिताला नेलं ना? सातवीत असल्यापासून तुमच्या धपाट्यांवर वाढलेली पोरगी, डाव्या पायाने असा बॉल वळवायची की समोरचीने नुसतं बघत राहावं. त्यांनी काय केलं, एक दिवस बूट दिले, एक दिवस तिच्या वडिलांना ऑफिसात बोलावून चहा दिला, महिन्याचे पैसे सांगितले, झालं. तुमच्याकडे कागद आला, क्लब सोडायला हरकत नाही म्हणून. तुम्ही लगेच सही केलीत आणि माझ्यापुढे सरकवलात. मी म्हटलं मी नाही करणार. केवढं भांडलो आपण.

"मावशी, फुकट? पाच वर्षं खायला घातलं, शिकवलं, ते फुकट?"

"पोरी विकायच्या नसतात गं."

"विका कोण म्हणतंय? दळण कुणाचं असतं?"

"ज्याचं त्याचं."

"मग तुम्ही दळण फुकट दळता?"

"म्हणजे?"

"दळण त्यांचं असू दे ना. दळाई तर घ्याल का नाही?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तोंड उघडलंत. आणि मग हात मागे नेऊन मोटर चालू केलीत. घर्रर्र. मी ओरडतेय आणि तुम्ही कानाला हात लावून, ऐकू येत नाही, ऐकू येत नाही. हे नेहमीचंच तुमचं, वादात हरायला लागलात की गिरणी चालू! शेवटी मी रागाने सही केली आणि तिथेच रडले. निकिता गेली. तिच्यामागून आणखी पोरी गेल्या. आता रोज सकाळी त्यांची बस आपल्याच चौकात थांबते आपल्याच पोरींना न्यायला, आणि त्या बसचा ड्रायव्हर कोण, तर माझा नवरा.

हे पण सांगायला पाहिजे. सचिन त्यांची बस चालवतात. लग्न ठरलं तेव्हा नोकरी नव्हती, मग तिकडे लागली, पगार वेळेवर. तुम्हीच म्हणालात, "घे, चांगलं झालं, त्यांचा एक माणूस आपण घेतला." तुम्ही हसायच्या. पण ज्या दिवशी आपली आणि त्यांची मॅच होती, ज्याने आपण वर चढणार होतो, त्या दिवशी माझा नवरा त्यांच्या टीमला एसी बसमधून घेऊन आला आणि आपण तीन रिक्षांत कोंबून गेलो. ते बिचारे बसपाशी उभे. टाळी वाजवायची सोय नाही. हाफ टाइमला त्यांच्या पोरी आपल्या धपाट्यांच्या डब्याकडे बघायला लागल्या, त्यात निकिता पण, आणि त्यांचे कोच ओरडले, बाहेरचं काही खायचं नाही. तुम्ही डबा घेऊन तरातरा गेलात, म्हणालात, "बाहेरचं कुठंय, हिच्या घरचंच आहे." निकिताने खाली मान घालून एक तुकडा घेतला.

मग तो गोल झाला. कॉर्नरवरून बॉल आला, कुणाच्या गुडघ्याला लागला, कुणाच्या पाठीला, आत. असला गोल त्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नसतील. आणि तेवढ्यात ग्राउंडबाहेर त्यांच्या बसचा हॉर्न. केवढा लांब! सगळं ग्राउंड वळून बघतंय. त्यांचे मॅनेजर धावत गेले, काय झालं, काय झालं? आमचे हे म्हणाले, "सॉरी सर, चुकून हात लागला." तुम्ही तेव्हा एवढं हसलात की खाली बसलात. फ्लेक्सवर तेच हसू आहे मावशी. ते हसू त्यांना हरवलं म्हणून आलेलं आहे आणि त्यांनीच ते लावलंय.

परी झाली तेव्हा सगळ्यांनी झबली, टोपडी आणली. तुम्ही पिशवीतून स्टड, फुटबॉलचे बूट, काढलेत. जुने, पण नवीन नाड्या घातलेले. सासूबाई बघतच राहिल्या, म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला हे?" तुम्ही म्हणालात, "पोरीला नाही, आईला." मी नुसती हसले. येते म्हटलं नाही. का नाही म्हटलं ते पण सांगितलं नाही. मला भीती वाटत होती, पोटात बॉल बसेल, पळताना काही होईल, पोरगी रडेल, लोक बोलतील. मला सगळ्याचीच भीती वाटते, तुम्हाला माहितीये. तुम्ही दर आठवड्याला विचारायच्या, "नाड्या ठीक आहेत का गं?" मी म्हणायची हो, ठीक आहेत. एवढंच बोलणं व्हायचं आपलं त्याच्यावर.

आता कालचं सांगते. तुमचं तेरावं झालं आणि विनोददादांनी मला गिरणीत बोलावलं. गिरणी बंदच होती इतके दिवस, आत उजेड नाही, पीठ सगळं थंड बसलेलं. अकॅडमीचे सर आले होते, काळा टी-शर्ट, सेंट मारलेला, बरोबर फाइल. मला वाटलं भेटायला आलेत. विनोददादा माझ्याकडे बघत नव्हते तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

सर म्हणाले, "ताई, बसा. मावशींचा वारसा आपण पुढे न्यायचा आहे."

मी म्हटलं हो.

"तर क्लब आम्ही टेकओव्हर करतोय. विनोदभाऊंशी बोलणं झालंय. सेक्रेटरीची एक सही लागते."

परी कडेवर होती. मी विचारलं, "म्हणजे नाव?"

"नाव आमचं राहील. ब्रँडिंग असतं ना."

"जर्सी?"

"आमचीच."

"आणि ग्राउंड?"

"आमचं टर्फ आहे ना, फर्स्ट क्लास."

"आमच्या पोरी?"

"ट्रायल घेऊ. ज्या लेव्हलच्या असतील त्या घेऊच."

मी म्हटलं, "नाव नको, जर्सी नको, ग्राउंड नको, पोरी नकोत. मग घेताय काय?"

ते म्हणाले, "जागा. वरच्या डिव्हिजनमधली."

मावशी, मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांची बायकांची टीम आपल्याकडून हरली, खालीच राहिली, आता परत खेळून वर यायचं तर वेळ लागणार, वेळ कुणाला आहे, तर ज्याची जागा वर आहे त्याचं दुकान विकत घ्यायचं, पाटी बदलायची आणि आत जाऊन बसायचं! आपण ज्या पायऱ्या गुडघे फोडून चढलो त्या ते लिफ्टने चढणार. आणि लिफ्ट कोण, तर माझी सही.

विनोददादांवर रागावू नका. त्यांनी मान वर करून एवढंच म्हटलं, "सोनाली, गिरणी चालत नाही गं. दिवसाला चार डबे येतात. क्लब कशावर चालवू?" खरं आहे ते. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडे पण नव्हतं.

मग सर परीच्या गालाला हात लावून म्हणाले, "सचिन आपल्याकडेच आहे ना? चांगला मुलगा आहे. सांभाळून चालवतो."

बाकी काही नाही. एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. घरभाडं, परीचं दूध, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं डोळ्यासमोरून गेलं. त्यांनी पेन काढून टोपण उघडून माझ्या हातात दिलं, असं अदबीनं, जसं काही मी मोठी बाई आहे. आणि मी पेन धरलं. खोटं का लिहू, धरलं मी.

तेवढ्यात परी अंगावरून उतरायला धडपडायला लागली, तिला मी तुमच्या पोत्यावर बसवलं, क्लबच्या डब्याशेजारी. झाकण बाजूला झालेलं होतं. डबा भरलेला. गिरणी बंद, दळण बंद, आणि डबा काठोकाठ भरलेला. तुम्हाला भेटायला लोक येत होते ना इतके दिवस, दारात चपला काढायचे आणि जाताना घरून आणलेली मूठ टाकून जायचे, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. घरघंटीवाले पण आले असणार, कारण असला पॉलिश केलेला गहू आपल्याकडे कुणी आणत नाही. तांदूळ पण होते. टाकलेच मेल्यांनी.

मी पेन खाली ठेवलं. डबा उचलवेना तर मापाने काढून काढून गिरणीच्या वरच्या तोंडात ओतलं. सर म्हणाले, "ताई, सही?" मी हात मागे नेला आणि मोटर चालू केली.

घर्रर्र. पट्टा फिरला, इतक्या दिवसांचं बसलेलं पीठ एकदम उडालं, सगळीकडून. सर काहीतरी बोलतायत, तोंड हलतंय, मी कानाला हात लावला, ऐकू येत नाही. ते फाइल डोक्यावर धरून ओरडतायत, काळा टी-शर्ट पांढरा, भुवया पांढऱ्या. परी टाळ्या वाजवतेय. आणि मावशी, त्या आवाजात उभी राहून मला तुमचं कळलं. मला वाटायचं तुम्ही वादात हरलात की गिरणी लावता. नाही. तुम्ही घाबरलात की लावायच्या. निकिताच्या वेळेस तुमच्याकडे पण उत्तर नव्हतं, तुम्ही पण माझ्यासारख्याच घाबरलेल्या होतात, आणि एवढी वर्षं मला वाटलं मावशींना कशाची भीतीच नाही. सांगितलं का नाहीत मला? मी एकटीच घाबरट आहे समजून जगत होते.

दळण संपलं, मी मोटर बंद केली. आवाज गेल्यावर किती शांत होतं गिरणीत. मी म्हटलं, "सर, जागा द्यायची नाही. खेळून घ्या."

बोलायला लागले तर थांबवेना, म्हटलं, "आणि निकिता आणि बाकीच्या पोरी नेल्यात त्याची दळाई राहिलीय. तेवढी पाठवून द्या."

"काय राहिलीय?"

"दळाई."

त्यांनी विनोददादांकडे बघितलं. तुम्ही गेल्यापासून विनोददादा पहिल्यांदा हसले. हसले म्हणजे काय, तोंडावर हात ठेवला आणि खांदे हलत होते, आधी मला वाटलं रडतायत. मग म्हणाले, "सर, सेक्रेटरीचं म्हणणं आहे. माझ्या हातात काय नाही." सर टी-शर्ट झटकत गेले. ते दळाई देणार नाहीत, मला माहितीये. तुम्हाला मी मागितलेली आवडली नसेल, ते पण माहितीये. आपलं भांडण मिटलेलं नाही. पण आता तुम्हाला मोटर चालू करता येत नाही, तेव्हा ऐका, मी मागत राहणार.

घरी यांना सांगितलं. हातातला घास तसाच राहिला. मग म्हणाले, "क्लब कशावर चालवणार?" मी म्हटलं माहीत नाही. "मला काढलं तर?" मी म्हटलं माहीत नाही. ते उठले, हात धुतले, म्हणाले, "उद्या बस न्यायचीय, लवकर उठव." मला वाटलं रागावले.

हे मी सकाळी गिरणीच्या पायरीवर बसून लिहितेय. परी आत क्लबच्या डब्यात हात घालून बसलीय, काल दळून उरलेले दाणे टाकतेय, काढतेय, परत टाकतेय. लहान मुलाच्या हाताने टाकू नये हे तिला वाचता येत नाही. पायात मी स्टड घातलेत, तुमचे, नुसते बघायला. नाड्या ठीक आहेत.

आत्ता त्यांची बस चौकात आली. इथून दिसतेय. तुमच्या फ्लेक्सच्या खाली थांबली. पोरी चढतायत, निकिता पण. सर पुढच्याच सीटवर बसलेत, काचेतून दिसतायत. दार लागलं. बस निघाली, आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि हॉर्न वाजला, मावशी. लांब. एवढा लांब की मेडिकलवाला बाहेर येऊन बघायला लागला.

चुकून हात लागला असेल.